कटकट झाल्याशिवाय लाल दोरा नाही

मी, या कागदाखाली सही करणारी, वय चौपन्न, धंदा दोर सांधणे व विकणे, शिक्षण चौथीपर्यंत आणि तेही रडतखडत, स्वतःच्या हाताने आणि कुणी मानेवर बसलेलं नसताना लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाई म्हणाल्या, डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा लागतो. मी म्हटलं, आज सकाळपासून तीन माणसांशी भांडले आणि तिन्ही वेळा माझंच बरोबर निघालं, आणखी काय पाहिजे? त्या म्हणाल्या, डॉक्टरांचा दाखला पाहिजे. तो मागे जोडला आहे.

लिहिण्याचं कारण, पुढच्या शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, पोटात गाठ आहे. मी विचारलं, कुणी बांधली आणि कुणी तपासली? ते हसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की कागद करून ठेवलेला बरा. वकीलबाईंनी एक छापील नमुना दिला होता, रिकाम्या जागा भरा म्हणून. त्या जागांत माझं काही मावेना. म्हणून वही घेतली.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी कुणाला काही कबूल केलं असेल तर ते रागात किंवा पिच्छा सोडवायला केलं असेल. ते धरू नये.

कलम २. दुकान आणि त्याची रीत. उंच इमारतींना रंग देणारे रंगारी ज्या फळीवर बसून वरून खाली उतरतात, तिचे दोर आमच्याकडे होतात. दोराच्या टोकाचा पीळ उकलायचा आणि तो त्याच दोराच्या पोटात परत ओवून फळी अडकवायचा डोळा करायचा, हे आमचं मुख्य काम. या डोळ्यावर माणूस लटकतो. हे दुकान माझ्या सासूने सुरू केलं. घरात आम्ही तिला म्हातारी म्हणायचो, तिच्या तोंडावरसुद्धा.

म्हातारीचा नियम एकच. जिने बांधलं तिने तपासायचं नाही. मी बांधला तर धाकट्या जावेने तपासायचा, तिने बांधला तर मी. तपासणारीने खोट काढायची आणि बांधणारीने उत्तर द्यायचं. भांडून समाधान झालं की तपासणारीने डोळ्याखाली लाल दोरा बांधायचा. रंगारी लाल दोरा बघितल्याशिवाय फळीवर बसत नाहीत. म्हातारी संध्याकाळी यायची, सगळे दोर हातांनी चाचपायची आणि विचारायची, "कटकट झाली का याच्यावर?" झाली नाही म्हटलं की दोर परत. कटकट झाल्याशिवाय लाल दोरा नाही.

बाहेरच्यांना हे कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं दोघी जावा दिवसभर भांडतात. भांडतच होतो. पण म्हातारीने भांडणाचे शब्दसुद्धा हत्यारांसारखे वेगवेगळ्या खिळ्यांना टांगून ठेवले होते, आणि कुठला कधी काढायचा ते ठरलेलं होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे कुणाला माहीत असणार नाही.

कुरकुर ती, जी स्वतःशी करायची. हात सोलला, पाठ भरून आली, करा कुरकुर. तिला कुणी उत्तर द्यायचं नाही. किरकिर म्हणजे तेच तेच पुन्हा. ती लहान मुलाला आणि गिऱ्हाइकाला शोभते, आपल्याला नाही. कटकट म्हणजे आपलं काम. डोळा चांगला दिसला तरी करायचीच. हुज्जत म्हणजे बोट ठेवून सांगायचं, इथे, या पिळात, उघडून दाखव. आणि बांधणारीने उघडून दाखवायचा, तोंड वाकडं करून का होईना. बाचाबाची झाली, म्हणजे दोघींचा आवाज चढला, तरी चालेल, पण हात दोरावर पाहिजे. हात दोरावर असला की माणूस दोराबद्दलच बोलतो, असं म्हातारी म्हणायची. तंटा म्हणजे आपल्याच्याने मिटत नाही म्हणून तिसऱ्याला बोलवायचं. तिसरी म्हणजे म्हातारी, आणि तिचं बोलणं शेवटचं.

यापुढचा एक शब्द तिने दुकानाच्या आत येऊ दिला नाही. उणीदुणी. भांडण दोरावरून उठून माणसाच्या अंगावर बसलं की ती उणीदुणी. जी काढेल तिच्या हातातला दोर म्हातारी काढून घ्यायची आणि दिवसभर झाडू द्यायची. मी वर्षातून पाच-सहा दिवस झाडू मारायची. जाऊ कधीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कलम ३. हत्यारं. पीळ उघडायच्या लाकडी खुंट्या सात, दोर कापायचा सुरा, छताला लावलेला लोखंडी आकडा, त्याला लटकवायची वाळूची पोती, ओंडका, मेणाचा डबा, हे सगळं जावेला. सर्वांत गुळगुळीत झालेली खुंटी म्हातारीची आहे. ती डाव्या हातात जास्त चांगली बसते, आणि जाऊ डावखुरी आहे. म्हातारी गेल्यापासून मी ती उगाच माझ्याकडे ठेवली. मला ती कधी नीट धरता आली नाही, पण मोठी मी होते.

कपाटावर एक कापडी पिशवी आहे, तोंड शिवलेली. तिला कुणी हात लावू नये. तिचं पुढे लिहिते.

कलम ४. बँकेत जे असेल ते मुलीला. ती ऑफिसात नोकरी करते आणि भांडणाला चर्चा म्हणते. "आई, आपण यावर शांतपणे चर्चा करू." मी म्हणते, शांतपणेच करायचं तर झोपू या. ती म्हणते, "मला वाद नको आहेत." मग ऑफिसच्या बाथरूममधून मला फोन करून रडते की तिचं काम दुसराच कुणी स्वतःचं म्हणून दाखवतो. बाई गं, पैशाबरोबर तुला हुज्जत देते. किरकिर नको, टोमणे नकोत, तुझे ते लांबलचक ईमेल तर नकोतच. बोट ठेव आणि म्हण, हे माझं आहे, उघडून दाखव. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं झालं की नाही ते बघण्याचं कामही तुझं. तिथेच सराव होईल.

कलम ५. आमच्या ह्यांना आरामखुर्ची, रेडिओ आणि माझ्या वाट्याची धुसफूस. ह्यांना भांडण सोसत नाही. आवाज चढला की हे चप्पल घालतात आणि कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात. परत आले की काही बोलत नाहीत, फक्त कपाटाचं दार जरा जोरात लावतात. मी विचारते, काय झालं? "कुठे काय?" मग मोरीतली बादली जोरात ठेवतात. तीस वर्षांत ह्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "सोड ना गं आता." ते वाक्यही मी ह्यांना परत देते. वाईट माणूस नाही. मी गेल्यावर घरात आवाज राहणार नाही, तेव्हा कपाटाची दारं कुणाला ऐकवणार हा विचार करून मला ह्यांचं वाईट वाटतं.

कलम ६. शेजारचा किल्लीवाला. त्याचा आणि माझा पायरीवरून बावीस वर्षांचा तंटा आहे. त्याचं स्टूल माझ्या पायरीवर चार बोटं आत येतं. मी रोज सरकवते, तो रोज परत आणतो. "बाई, चार बोटांनी तुमचं काय जातं?" "मग तू मागे घे, तुझं काय जातं?" तेवढ्यावर दोघांचा दिवस सुरू होतो. मरताना मोठं मन करावं म्हणून ती चार बोटं मी त्याच्या नावावर लिहिली होती. पण वकीलबाई म्हणाल्या की जो साक्षीदार आहे त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, आणि साक्षीला तोच हवा, कारण तो कायम दुकानात असतो. तेव्हा पायरी देत नाही. माझं मन मोठं झालं होतं याची फक्त नोंद असावी.

कलम ७. आता जे लिहायला वही घेतली ते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हातारी जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटा दीर तिच्याही आधी गेला होता, तापाने, बारा दिवसांत. म्हातारीने जाताना घर आणि दुकान माझ्या नावावर केलं. जाऊ मागच्या खोलीत राहत होती, जशी आधी राहायची तशीच, आणि दुकानात निम्मं काम करत होती, जसं आधी करायची तसंच. तिच्या नावावर काही नव्हतं. मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. घर तर घर, सगळ्यांचं, असं मी म्हणायची. कागद माझ्याकडे असल्यावर असं म्हणायला जड जात नाही.

एक जुना दोर दुरुस्तीला आला होता. मी दुपारभर बसून त्याला नवा डोळा केला. आकड्याला लावून वाळूची पोती लटकवली, दोराने ती पेलली. टेम्पो दारात चालू, रंगाऱ्यांचा मुकादम दर दोन मिनिटांनी आत डोकावतोय. जावेने दोर हातात घेतला आणि नाकाला लावला.

"जाऊबाई, याला मी दोरा बांधत नाही."

"का? पोती घेतली की त्याने."

"पोती घेतली. पण वास येतोय. यावर कुणीतरी थिनर सांडलंय. थिनरने आतून भुगा होतो. पीळ उघडून आत बघू."

"आत्ता? टेम्पो चालू आहे दारात."

"राहू दे चालू. त्याचं डिझेल जळतंय, आपलं काय जातंय?"

"आणि माझी अख्खी दुपार उसवू ती?"

"दुपार परत येईल. तुम्ही नेहमी घाई करता, जाऊबाई. इथे बघा, इथे," असं म्हणून तिने बोट ठेवलं.

हुज्जत होती. चोख, शिकवल्याप्रमाणे, बोट ठेवून. तिचा हात दोरावरच होता. माझा नव्हता. मी कमरेवर हात ठेवून उभी होते.

मी म्हटलं, "कुणाच्या घरात राहतेस आणि कुणाच्या दोराला नावं ठेवतेस? नवरा गेला त्याच दिवशी तुला वाट दाखवली असती तर आज एवढं तोंड उघडलं नसतं."

तिने दोरावरून हात उचलला. म्हातारी असती तर तिने माझ्या हातात झाडू दिला असता. म्हातारी नव्हती. जाऊ म्हणाली, "बरं, जाऊबाई." लाल दोरा घेतला, जावेने नाइलाजाने तो बांधला, आणि दोर टेम्पोत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो दोर तुटला. फळीवर जो रंगारी होता त्याला सगळे उंट म्हणतात, उंच आहे म्हणून. तिसऱ्या मजल्यावरून खाली. वाचला. कंबर आणि मांडी मोडली, पुन्हा कधी दोरावर चढला नाही. आता एका गोदामाच्या फाटकावर स्टूल टाकून बसतो आणि एक पाय ओढत चालतो.

लोक दुकानात आले तेव्हा मुकादमाने तुटलेला दोर टेबलावर टाकला. आत पिठासारखा भुगा झाला होता, अगदी जाऊ म्हणाली होती तसा. मुकादम म्हणाला, "दोरा कुणाचा?" डाव्या हाताची गाठ लगेच ओळखू येते. सगळ्यांनी जावेकडे बघितलं. मी गप्प बसले. मी खोटं बोलले नाही, ते मला जमत नाही. मी, जिने आयुष्यात कुणाचं एक वाक्य फुकट जाऊ दिलं नाही, ती तेवढा वेळ गप्प बसले. तेवढं पुरलं.

त्यानंतर रंगारी म्हणू लागले, धाकटीचा दोरा नको. ती नुसते दोर गुंडाळून ठेवते. बांधते मीच, तपासतेही मीच, म्हणजे तपासत नाही. अकरा वर्षं माझ्या कुठल्याही बोलण्याला जावेचं एकच उत्तर. बरं, जाऊबाई. छत गळतंय, बरं. तू चुकीचं गुंडाळलंस, बरं. मुद्दाम चुकीचंच बोलून बघितलं, म्हटलं, आज बुधवार, आणि होता सोमवार. "बरं, जाऊबाई." चष्म्याच्या दुकानातली बाई मला म्हणाली, "किती गोडीगुलाबीने राहता हो दोघी, आवाजसुद्धा येत नाही."

मी पुष्कळ वर्षं समजत होते की तिला राग आहे. राग असता तर बोलली असती. हुज्जत घालायला पायाखाली स्वतःची जागा लागते. मी त्या दिवशी तीच काढून घेतली.

म्हणून: माझ्या मरणानंतर घराचा आणि दुकानाचा अर्धा भाग जावेचा, पूर्ण मालकीने. उरलेला अर्धा आमच्या ह्यांचा, त्यांच्यानंतर मुलीचा. ह्यांना विचारलं, हे म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते." आणि माझ्या मरणानंतर हे कलम मुलीने उंटाला आणि मुकादमाला वाचून दाखवावं.

कलम ८. वरचं लिहून झालं शनिवारी दुपारी. मग मला वाटलं, हे मी बांधलंय. जिने बांधलं तिने तपासायचं नाही. वही घेऊन मागच्या खोलीत गेले.

"हे तपास."

"कशाचं आहे?"

"माझं."

"बरं, जाऊबाई."

मी पुढे येऊन बसले. वीस हाताचा दोर मागितला होता गिऱ्हाइकाने, मी सोळा हाताचा कापला. तासाभराने जाऊ आली. चष्मा कपाळावर, वही उघडी, आणि वहीत एका ओळीवर बोट ठेवलेलं. ते बोट बघूनच मी सुरा खाली ठेवला.

"हे काय लिहिलंय?"

"काय?"

"इथे. 'माझ्या मरणानंतर.'"

"मृत्युपत्र आहे ते. त्यात असंच लिहितात."

"मग मी आत्ता कुठे उभी आहे?"

ती थांबली नाही.

"तुम्ही मेल्यावर मला घर. तुम्ही मेल्यावर उंटाला कळणार. तुम्ही मेल्यावर मी खरी ठरणार. आणि तुम्ही त्या ऑपरेशनमधून उठून घरी आलात तर? मग मी पुन्हा बरं जाऊबाई, बरं जाऊबाई करत बसू? तुम्ही जगावं असं मनात आणायचं की नाही ते तरी सांगा!"

"अगं, ओरडतेस काय?"

"ओरडणार!"

आतून ह्यांच्या चपलांचा आवाज आला. हे कोपऱ्यावर गेले.

"आणि हे? 'जावेने नाइलाजाने तो बांधला.' नाइलाज? कुणी धरला होता माझा हात? मला वास आला होता. मला माहीत होतं. मी रागाने बांधला. म्हटलं, तुटू दे, बघू दे हिला. तुटला तर वर कोण असेल याचा मी विचार केला नाही. तो दोरा माझा आहे, जाऊबाई. तो तुम्ही तुमच्या कागदात घ्यायचा नाही."

हे तिने अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिने ओंडक्याला धरलं. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही.

मी म्हटलं, "मी तसं बोलले नसते तर तू बांधला नसतास."

"आणि मी बांधला नसता तर तो पडला नसता."

"पण आधी मी बोलले."

"पण शेवटी मी बांधला."

यावर आमची बाचाबाची झाली, चांगली तासभर. वही मध्ये ओंडक्यावर होती आणि दोघींचे हात वहीवर होते. शेजारी कानशीचा आवाज बंद पडला होता, म्हणजे किल्लीवाला ऐकत होता. मिटलं नाही. "नाइलाजाने" हा शब्द तिने पेन घेऊन स्वतः खोडला आणि वर "रागाने" असं लिहिलं. ते अक्षर तिचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, खाडाखोड झाली, पान पुन्हा लिहा. मी लिहिणार नाही. खोडलेल्या जागी माझी सही आहे, साक्षीदारांच्याही घेतल्या आहेत.

मी म्हटलं, "मग आता तंटा. तिसरा लागेल."

"म्हातारी कुठून आणणार?"

"म्हातारी नाही. तिसरा फाटकावर बसलाय."

ती म्हणाली, "मग चला. मेल्यावर नाही. सोमवारी."

कलम ९. सोमवारी सकाळी आम्ही दोघी त्या गोदामाच्या फाटकाशी गेलो. उंट स्टुलावर घडी घालून ठेवल्यासारखा बसला होता. आम्हाला बघून उठायला लागला, त्याला उठायला वेळ लागतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये म्हटलं, "माझ्याकडून चूक झाली." तर जाऊ शेजारून म्हणते, "झाली काय? आपोआप होते का? केली म्हणा." मी म्हटलं, केली. मग तिने तिचं सांगितलं. तिचं सांगणं माझ्यापेक्षा लहान होतं आणि जास्त वेळ लागला.

उंट ऐकत होता. एक ट्रक आला, त्याने फाटक उघडलं, ट्रक आत गेला, फाटक लावलं, पाय ओढत परत आला. मग स्टूल उचलून जावेसमोर ठेवलं. "बसा बाई." मला बस म्हणाला नाही.

मला थांबायला कधी जमलेलं नाही. मी विचारलं, "आता तूच सांग, कुणाची जास्त?"

तो म्हणाला, "पडलो मी. आता निवाडाही मीच करू?"

मी गप्प बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा, आणि या वेळी बसायला पाहिजे होतं.

जरा वेळाने तो जावेला म्हणाला, "मी त्या दिवशी दोरा बघितला होता. लाल दिसला, बसलो." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर आम्हा दोघींना सोपं गेलं असतं.

निघताना त्याने विचारलं, "तो दोर कुठे आहे?"

मी म्हटलं, आहे. कपाटावर, पिशवीत. फेकता आला नाही.

"मला आणून द्या."

कशाला, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी पिशवी त्याला पोचती केली, तेव्हा कलम ३ मधली पिशवी आता घरात नाही. उंटाला या मृत्युपत्रातून काही ठेवलेलं नाही. विचारलं होतं. "काही नको," म्हणाला, आणि ते मानून घ्यावं. मुकादमाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला, मला बोलू दिलं नाही, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

कलम १०. दुरुस्ती. कलम ७ मधला घराचा भाग "माझ्या मरणानंतर" असा न धरता, अर्धं घर आणि अर्धं दुकान येत्या गुरुवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, कचेरीत जाऊन जावेच्या नावावर करून देते आहे. मी शुक्रवारी उठले तरी ते तिचं, नाही उठले तरी तिचं. पायरीही अर्धी तिची. किल्लीवाल्याने यापुढे दोन बोटांसाठी तिच्याशी बोलावं.

मी उठले नाही तर एवढंच. दुकान बंद करू नये. जावेने बांधावं आणि तपासायला कुणीतरी तोंडाळ बाई ठेवावी, सोशीक नको. घरात आवाज व्हावा.

वरचं सगळं मी वाचून बघितलं, वाचून दाखवलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली. कुणाला यातलं काही खटकलं तर माझ्या माघारी कुजबुजू नये. बोट ठेवून सांगावं.

वही शिवायला घेतली तेव्हा मी जावेपुढे लाल दोऱ्याचं रीळ ठेवलं. तिने रीळ हातात घेतलं, फिरवलं आणि खिळ्याला परत टांगलं.

"आत्ता नाही. गुरुवारी कागद होऊ दे. तुम्ही हॉस्पिटलमधून या. मग बघू."

मी म्हटलं, "मी नाही आले तर?"

"कटकट करू नका, जाऊबाई. बघू म्हटलं ना."

बघू म्हणाली. बरं म्हणाली नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली, ओंडक्यावर.
दिनांक: १२ मार्च, मंगळवार.

लिहून ठेवणार: दोरवाली, थोरली (सही)

साक्षीदार १: शेजारचा किल्लीवाला (सही, सही करताना याचं स्टूल पायरीवर चार बोटं आत होतं)

साक्षीदार २: चष्म्याच्या दुकानातली बाई (सही)

तपासणार: दोरवाली, धाकटी (तिला यातून मिळतं, म्हणून तिची सही घेता येत नाही. तपासलं आहे.)

लाल दोरा: अजून नाही.